भाजल्याच्या वणावरची जखम नुसती बांधून ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की त्वचेच्या कर्करोगावर जे लिहिले जाते त्यात सगळा भर उन्हावर असतो. सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे जात असताना ते साहजिकच आहे. पण सावळ्या कातडीला उन्हापासून बरेच संरक्षण असते आणि आपल्याकडे ‘स्क्वॅमस सेल’ (कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा) प्रकारचा कर्करोग पुष्कळदा झाकलेल्या जागीच निघतो: भाजल्याच्या जुन्या वणावर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाच्या जखमेत, कमरेला नाडी काचते तिथे.

भाजलेली जागा दुसरीकडची कातडी न लावता तशीच भरू दिली की वण आखडतो. गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांवर तो हालचालीने पुन्हा पुन्हा फाटतो. वर्षानुवर्षे हे चालले की तिथल्या पेशी बिघडतात. याला सरासरी तीसेक वर्षे लागतात, त्यामुळे लहानपणी स्टोव्हवर भाजलेल्या बाईला चाळिशीत जखम झाली तर तिचा त्या भाजण्याशी संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. कमरेच्या कर्करोगाची नोंद तर जुनी आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट बांधल्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. परकराच्या नाडीनेही तेच होते. आधी कातडी काळवंडते, मग जाड होऊन खाजते, सोलते आणि शेवटी जखम होते. दोरीऐवजी रुंद पट्टी वापरली आणि बांधण्याची जागा रोज थोडी बदलली तर एवढ्यावर वेळच येत नाही. बायका कमर दाखवायला संकोचतात, म्हणून डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवे.

जखम चार ते सहा आठवड्यांत भरली नाही, काठ जाड होऊन बाहेर वळला, बूड कडक लागले, हात लावताच रक्त आले किंवा फुलकोबीसारखे मांस वाढू लागले, तर मलम बदलत बसू नका. बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, करा. जागा बधिर करून तुकडा जखमेच्या काठाचा घ्यायचा, मधला नव्हे. मध्ये बहुधा मेलेले मांस असते आणि अहवाल फसवा येतो. मोठ्या जखमेत दोन-तीन ठिकाणचे तुकडे घ्यावेत. सोबतच्या कागदावर ‘भाजल्याचा वण, इतकी वर्षे जुना’ असे लिहिलेच पाहिजे, कारण जुनाट जखमेच्या काठाची साधी वाढही सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखी दिसू शकते. अहवाल निर्दोष आला आणि जखम मात्र वाढतच असेल, तर पुन्हा, अधिक खोल तुकडा घ्यावा. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती खोटी आहे. तिच्यापायी अनेकांचे मोलाचे महिने वाया जातात.

नाकावर किंवा डोळ्याखाली चकचकीत काठाची, मधे खपली धरणारी पुळी म्हणजे ‘बेसल सेल’ हा त्वचेच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार असू शकतो. आपल्या कातडीत तो बहुधा काळा असतो, म्हणून तीळ समजला जातो. तो क्वचितच दूर पसरतो, पण पापणी, नाक पोखरतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. लहान गाठीभोवतीची ४ ते ६ मिलिमीटर निरोगी कातडी काढतात, वणातल्या कर्करोगात सुमारे २ सेंटिमीटर. काढलेल्या तुकड्याच्या कडा ‘मोकळ्या’, म्हणजे कर्करोगाच्या पेशींपासून मुक्त, आहेत का, हे अहवालात जरूर पाहा. कर्करोग पसरला आहे का हे कळण्यासाठी जांघ, काख, मान इथल्या गाठीही तपासायच्या. शस्त्रक्रिया शक्य नसेल तिथे रेडिएशन देतात. तेजाब किंवा झाडपाल्याचा लेप लावून जाळले तर वरची खपली पडते आणि आतली गाठ वाढत राहते.

बायोप्सी सोलापुरात सिव्हिलला होते. पुढच्या उपचारासाठी जिल्ह्यातच बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशन कार्ड व आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. शस्त्रक्रियेनंतरची पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी चुकवू नये.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ, सोलापूर