मोजणाऱ्याचं नाव मतपत्रिकेवर नको

जॉन्स क्रीक, जॉर्जिया
२० जानेवारी २०२६

मा. ब्रॅड रॅफेन्सपर्गर,
सेक्रेटरी ऑफ स्टेट, जॉर्जिया राज्य, अटलांटा

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि मी एकाच गावचे. तुम्ही जॉन्स क्रीकच्या सिटी कौन्सिलवर होतात तेव्हा मी इथे नवी होते आणि मला मताचा हक्कही नव्हता. आता आहे, आणि गेल्या काही निवडणुकांत मी पोल वर्कर म्हणूनही बसते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण या प्रश्नावर जॉर्जियातल्या माझ्या मराठी माणसांनीही बोलायला हवं असं मला वाटतं. इंग्रजी भाषांतर तुमच्या कार्यालयात पोचेल.

विषय एकच आहे. तुम्ही यंदा गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या पदासाठी, उभे आहात. १९ मे रोजी रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आहे. तिथे तुमचं नाव असेल, आणि त्या निवडणुकीचे राज्यातले मुख्य अधिकारीही तुम्हीच असाल. माझी विनंती आहे की गव्हर्नरपदाच्या या निवडणुकीपुरते तुम्ही त्या खुर्चीतून बाजूला व्हा, आणि तसं लेखी जाहीर करा.

मागच्या आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाच विषय निघाला होता. माझ्या भावाने नुकतंच, १५ जानेवारीला, पुण्यात महापालिकेसाठी मत दिलं, २०१७ नंतर पहिल्यांदा. ते सांगत असताना नागपूरहून लेकीकडे आलेल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, म्हणजे इकडे निवडणूक अधिकारीच निवडणूक लढवतो? पक्षाच्या चिन्हावर?" सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हटलं की त्यांना परराष्ट्रमंत्री आठवतो. मी त्यांना समजावलं की राज्यातला सेक्रेटरी ऑफ स्टेट वेगळा. कंपन्यांची नोंदणी त्याच्याकडे, परिचारिकांचे परवाने त्याच्याकडे, मतदारयादी आणि मतदान यंत्रंही त्याच्याकडे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लोक त्याला थेट निवडून देतात. काकूंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. घरी परतताना माझ्या लक्षात आलं की मलाही ते पुरतं पटलेलं नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. प्रत्येक निवडणुकीत त्यांना ड्युटी लागायची. पुढेपुढे ते केंद्राध्यक्ष व्हायचे. पत्र्याच्या पेट्या, लाखेची सीलं, कंदिलाच्या उजेडात मतपत्रिकांचा हिशेब जुळवणं, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. एका वर्षी त्यांचा चुलतभाऊ पंचायत समितीला उभा राहिला. बाबा सरळ तहसील कचेरीत गेले आणि सांगून आले की मला त्या गणात ड्युटी देऊ नका. आईने विचारलं, "तुम्ही काय पेटीत हात घालणार होतात का?" बाबा म्हणाले, "मी काही करणार नाही हे मला माहीत आहे. पण जो हरेल त्याला ते कसं कळणार?"

रॅफेन्सपर्गरसाहेब, या पत्रात माझं म्हणणं तेवढंच आहे, आणि ते तुमच्यावर शंका घेऊन लिहिलेलं नाही. २०२० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तुम्ही काय केलंत ते मी विसरलेले नाही. १५९ काउंट्यांमध्ये सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या, मग यंत्रावर फेरमोजणी झाली, आणि बायडन यांच्या बाजूने फरक ११,७७९ मतांचा राहिला. २ जानेवारी २०२१ च्या फोनवर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तुमच्याकडे ११,७८० मतं शोधून मागितली, तेव्हा त्यांच्याकडची माहिती चुकीची आहे असं तुम्ही त्यांना तोंडावर सांगितलंत. तुम्ही त्यांच्याच पक्षाचे, त्यांनाच मत दिलेले. तुमच्या पत्नीला धमक्यांचे मेसेज येत होते. त्याच वर्षी विधिमंडळाने तुम्हाला राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून काढलं आणि २०२४ मध्ये मंडळातूनही पूर्ण बाहेर केलं. तरीही २०२२ च्या प्रायमरीत लोकांनी तुम्हाला रनऑफ (पहिल्या दोघांत पुन्हा मतदान) न लागता, निम्म्याहून जास्त मतांनी निवडलं. त्या वर्षी नोव्हेंबरात मी मत कुणाला दिलं हे इथे सांगणार नाही, पण तुमच्याबद्दलचा आदर मनापासून आहे.

हे लिहिताना मला महाराष्ट्रातली एक गोष्ट सारखी आठवत होती. आमचे राज्य निवडणूक आयुक्त नेमलेले असतात, राज्यपाल नेमतात. मार्च २००८ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने हक्कभंगाच्या प्रकरणात तेव्हाचे आयुक्त नंदलाल यांना दोन दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली होती. म्हणजे अधिकारी नेमला की तो सत्तेच्या तावडीतून सुटला, असं काही नाही. दिल्लीत तर २०२३ च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने केंद्रीय निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांऐवजी एक मंत्री बसवला. म्हणून आमची पद्धत उचला असं मी सुचवत नाही. एका बाबतीत मात्र आमच्याकडे संदिग्धता नाही. महाराष्ट्राचा मुख्य निवडणूक अधिकारी आपल्याच देखरेखीखालच्या निवडणुकीत उमेदवार असू शकत नाही. तसं कुणाच्या मनातही येत नाही.

जॉर्जियात ते सहज होऊ शकतं, आणि झालंही आहे. २०१८ साली ब्रायन केम्प सेक्रेटरी ऑफ स्टेट राहूनच डेमोक्रॅट स्टेसी अब्राम्स यांच्याविरुद्ध गव्हर्नरपदाला उभे राहिले. आदल्या वर्षी जुलैत पाच लाखांहून जास्त नावं मतदारयादीतून एकाच वेळी वगळली गेली होती. निवडणुकीच्या तोंडावर सुमारे ५३,००० नोंदणी अर्ज अडकून पडल्याची बातमी आली, त्यातले बहुतांश कृष्णवर्णीयांचे. ओळखपत्र दाखवून त्यांना मत देता येईल, असं केम्प यांचं म्हणणं होतं. केम्प साधारण ५५,००० मतांनी जिंकले. त्या नोंदींमुळे निकाल फिरला असता का, यावर आमच्या गल्लीत आजही दोन तट आहेत. मला दिसतं ते इतकंच की या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार ज्या कार्यालयाकडे होता, त्याचा प्रमुख स्वतः त्या शर्यतीत होता. त्यामुळे कार्यालयाने काहीही सांगितलं असतं तरी निम्म्या राज्याने ते ऐकून घेतलं नसतं.

केम्प यांनी राजीनामा दिला तो ८ नोव्हेंबरला, मतदान होऊन दोन दिवसांनी. त्यांच्या जागी रॉबिन क्रिटेंडन आल्या आणि राज्याच्या निकालावर त्यांनी सही केली. आता तुमची स्वतःची गोष्ट आठवा. त्याच नोव्हेंबरात तुमच्या आणि जॉन बॅरो यांच्या लढतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत आणि ४ डिसेंबरला रनऑफ झाला. नोव्हेंबरात एकोणचाळीस लाखांवर लोकांनी मत दिलं होतं, रनऑफला पंधरा लाखही आले नाहीत. तुम्ही जेमतेम ५२ टक्क्यांवर निवडून आलात. त्या दिवशी खुर्चीत क्रिटेंडन होत्या, आणि त्यांचं नाव कुठल्याच मतपत्रिकेवर नव्हतं. तुमच्या पहिल्या विजयाला ही स्वच्छ पार्श्वभूमी होती. तीच तुमच्या आजच्या प्रतिस्पर्ध्यांना मिळावी, एवढंच मी मागते आहे.

तुमचे सहकारी म्हणतील की मतमोजणी काउंट्या करतात, सेक्रेटरी ऑफ स्टेट स्वतः एकही मत मोजत नाही. मी केंद्रावर बसते, मला ते माहीत आहे. रात्री स्कॅनरमधून निघणाऱ्या आकड्यांच्या पट्टीवर सह्या आम्ही करतो. पण उमेदवाराच्या पात्रतेला कुणी आव्हान दिलं तर प्रशासकीय न्यायाधीश सुनावणी घेऊन अहवाल देतो आणि शेवटचा निर्णय तुमचा असतो. २०२२ मध्ये तेव्हाच्या खासदार मार्जोरी टेलर ग्रीन यांच्या प्रकरणात आपण सगळ्यांनी ते पाहिलं. उद्या तुमच्याच एखाद्या प्रतिस्पर्ध्याबाबत असा अर्ज आला तर? शिवाय हे वर्ष साधं नाही. २०२४ च्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ नंतर मतपत्रिकेवरच्या क्यूआर कोडवरून मोजणी करता येणार नाही. म्हणजे प्रायमरी एका पद्धतीने आणि नोव्हेंबरची निवडणूक दुसऱ्या, अशी वेळ येऊ शकते. ते बदल कसे आणि कधी करायचे यावर तुमच्या कार्यालयाचा शब्द वजनाचा असणार. तो उमेदवाराचा शब्द नसावा.

इतर राज्यांतल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटबाबतही असं घडलंय. २००० साली फ्लोरिडात कॅथरीन हॅरिस जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या आणि ५३७ मतांच्या निकालावर सहीही त्यांचीच. कॅन्ससमध्ये २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत क्रिस कोबॅक यांचं मताधिक्य ३४३ मतांचं होतं, आणि ते बाजूला झाले ते मतदानानंतर, टीका झाल्यावर. ॲरिझोनात २०२२ मध्ये केटी हॉब्स गव्हर्नरपद जिंकल्या, पण सेक्रेटरी ऑफ स्टेटचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. हॅरिस आणि कोबॅक रिपब्लिकन, हॉब्स डेमोक्रॅट. त्यामुळे या मागणीला कृपया पक्षाचा रंग देऊ नका.

आपल्याच राज्यात चांगलं उदाहरणही आहे. कॅरन हँडल यांना २०१० मध्ये गव्हर्नर व्हायचं होतं. त्यांनी प्रायमरीच्या कितीतरी आधी सेक्रेटरी ऑफ स्टेटचं पद सोडलं. कायद्याने तेव्हाही ते बंधनकारक नव्हतं. जॉर्जियाच्या घटनेप्रमाणे दुसऱ्या पदासाठी अर्ज भरला की आधीचं पद जातं, पण ते नव्या पदाची मुदत जुन्या पदाची मुदत संपण्याच्या तीस दिवसांहून आधी सुरू होत असेल तरच. गव्हर्नर आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट यांच्या मुदती एकदमच बदलतात, म्हणून तुम्ही या नियमातून सुटता.

राजीनामाच द्या असं मी म्हणत नाही. त्यावर मी बराच विचार केला. तुम्ही गेलात तर गव्हर्नर कुणाला तरी नेमतील, आणि ती व्यक्ती पुढे त्याच खुर्चीच्या बळावर निवडणूक लढवू शकेल. हँडल यांच्या जागी जे नेमले गेले, ते केम्पच होते. त्यापेक्षा गव्हर्नरपदाच्या लढतीसंबंधीचे सगळे अधिकार, म्हणजे पात्रतेचे वाद, फेरमोजणी, निकालावरची सही, हे तुम्ही लेखी दुसऱ्याकडे द्या. तो तुमच्या हाताखालचा माणूस नसावा. एखादे निवृत्त न्यायाधीश चालतील, ज्यांची बढती तुमच्या हातात नाही. कायद्यात त्यासाठी जागा करावी लागणार असेल तर विधिमंडळाचं अधिवेशन सध्या चालूच आहे. तुम्ही मागितलंत तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

आणखी एक. तुमच्या जागेसाठीही यंदा निवडणूक आहे आणि दोन्ही पक्षांत इच्छुक आहेत. प्रचारात तुम्ही जिथे जाल तिथे त्यांना जाहीरपणे विचारा की पुढच्या पदासाठी उभे राहाल तेव्हा या खुर्चीचं काय कराल. हा प्रश्न तुमच्याइतका नेमका दुसरं कुणी विचारू शकणार नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या केंद्रावर एक म्हातारे गृहस्थ आले होते. स्क्रीनवर नावं निवडून, छापलेला कागद हातात घेऊन ते वाचत उभे राहिले आणि तुमच्या नावावर बोट ठेवून मला म्हणाले, "हे इथे उभे आहेत आणि निवडणूकही तेच घेतात?" उमेदवारांबद्दल केंद्रावर आम्हाला काही बोलता येत नाही. मी त्यांना स्कॅनर कुठे आहे ते दाखवलं, पीचचं चित्र असलेला स्टिकर दिला आणि ते गेले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उमेदवारी अर्ज भरायचे आहेत. त्याआधी तुमचं उत्तर आलं तर बरं होईल. १९ मे रोजी पहाटे मी पुन्हा त्याच केंद्रावर असेन.

आपली नम्र,
जॉन्स क्रीकमधली एक मतदार