सूचना : चोरीची नोंद ‘गहाळ’ म्हणून करून घेऊ नका

सभासदहो, गेल्या आठवड्यात आपल्या एका ताईंची साखळी भर रस्त्यात ओढून नेली. मानेवर वळ दिसत असताना पोलीस ठाण्यात नोंद झाली ‘गहाळ’! संताप होतोच. पण गुन्हा कागदावरच आला नाही, तर ‘गुन्हे घटले’ म्हणायला पुढारी मोकळे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. नोंदवलेल्या खबरीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तातडीला ११२.

रविवारी सायंकाळी ६ वाजता निवेदनावर सह्या घेऊ. ‘गहाळ’ नोंदी झालेल्यांनी कागद घेऊन यावं.

– सचिव