मुलगा ‘हुशार’, मुलगी ‘मेहनती’?

महोदय,
गेल्या आठवड्यात म्हापशातील एका शाळेच्या पालकसभेला गेलो होतो. गणितात सारखेच गुण मिळवणाऱ्या दोन मुलांबद्दल शिक्षक बोलले. मुलगा ‘डोक्याने तल्लख, फक्त आळशी’ आणि मुलगी ‘फार मेहनती’. कुणालाच काही खटकले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते घरी पोचल्यावरच खटकले.

२०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांचा अमेरिकी मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी मुलगे-मुली दोघेही ‘खूप खूप हुशार’ म्हणून आपल्यासारख्यालाच, म्हणजे मुलगे पुरुषाला आणि मुली बाईला, निवडत. सहाव्या वर्षापासून मुली मागे सरू लागल्या. शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात, हे त्या मान्य करत, तरीही! ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांचा रस मुलग्यांपेक्षा कमी होता. तोच खेळ ‘खूप प्रयत्न करणाऱ्यांसाठी’ म्हटल्यावर फरक उरला नाही.

म्हणजे पहिलीच्या वर्गातच पाणी मुरते.

आपल्याकडे गणित म्हटले की गोव्याचे गणितज्ञ दामोदर कोसंबी यांचे नाव अभिमानाने घेतात, घ्यावेच. पण २०१४ मध्ये गणितातला मोठा सन्मान असलेले फील्ड्स पदक मिळवणाऱ्या मरियम मिर्झाखानी किंवा २०२२ मध्ये ते मिळवणाऱ्या मरीना व्याझोव्स्का यांच्याबद्दल मुलांना कोण सांगतो? आणि बाजारात बांगड्यांचा हिशेब, घासाघीस सांभाळत, तोंडी करणारी नुस्तेकार (मासे विकणारी) बाई? तिला गणित येते असे आपण कधी म्हणत नाही.

पुढच्या सभेत शिक्षकांना हे विचारणार आहे.

— एक पालक, म्हापसा