विषय : ५९० रुपयांच्या शेऱ्यावरून नाकारलेलं गृहकर्ज

पुणे, ११ जुलै २०२५

गृहकर्ज विभागप्रमुख यांस,

क्रेडिट रिपोर्टमधला ‘रिटन ऑफ’, म्हणजे ‘बाकी बुडाली’, हा शेरा कर्ज मागणाऱ्याचं काय करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज दुपारी फोनवर भेटलेल्या तुमच्या साहेबांना मात्र कुणी सांगितलेलं दिसत नाही.

२०१९ मध्ये पगाराचं खातं उघडताना तुमच्या माणसाने ‘लाइफटाइम फ्री’ म्हणत एक क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं. ते मी एकदाही वापरलं नाही. २०२१ मध्ये त्यावर वार्षिक शुल्क लागलं, ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. भांडलो. तुम्ही रक्कम माफ केलीत, कार्ड बंद केलंत, ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काहीही देणं बाकी नसल्याचं, पत्र दिलंत, सही-शिक्क्यासकट. आणि त्याच ५९० रुपयांवर तुम्हीच ‘रिटन ऑफ’ लावून क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला कळवून ठेवलंत.

मे महिन्यात धायरीच्या फ्लॅटसाठी अर्ज केला. प्रोसेसिंग फी ५,९०० रुपये घेतलीत, ती परत मिळत नाही म्हणे. २८ मेला एसएमएस : ‘अंतर्गत धोरणानुसार अर्ज नामंजूर’. नकाराचं कारण लेखी द्यावं असं रिझर्व्ह बँक सांगते. मला ते कारण, म्हणजे हा शेरा, शाखेतल्या एका बाईंनी स्क्रीन वळवून दाखवलं, म्हणून कळलं. ३ जूनला तक्रार नोंदवली आणि नो ड्यूजचं पत्र आजवर तीनदा मेल केलं.

आता आजचा फोन.

“सर, स्कोअर आम्ही ठरवत नाही. ज्या बँकेने शेरा मारलाय तिकडे जा.”

“तुम्हीच मारलाय.”

“नाही सर, आम्ही होम लोन.”

“शेरा मारणारी बँक कोणती लिहिलीय?”

“आपलीच, सर.”

“मग तिकडे म्हणजे कुठे जाऊ?”

यावर अकरा मिनिटं सनई ऐकवलीत. परत आल्यावर साहेब म्हणाले, “सर, भरून टाका ना. एवढा फ्लॅट घेताय, ५९० रुपयांसाठी काय धरून बसलात?” धरून मी बसलोय! माफ केलेली रक्कम आता भरायची म्हणजे चूक माझीच होती असं लिहून दिल्यासारखं. हे सांगितलं, तर शेवटी शांतपणे सल्ला : “हप्ते वेळेवर भरायची सवय लावून घ्या, स्कोअर आपोआप वाढतो. आणखी काही मदत करू शकतो का?”

सवय. स्कूटरचं कर्ज, वडिलांच्या ऑपरेशनचं कर्ज, बायकोच्या क्लासच्या जागेचं कर्ज, बावीस वर्षांत माझा एक हप्ता चुकलेला नाही. त्यातली दोन कर्जं तुमचीच होती, तेव्हा माझी सवय तुमच्याच संगणकात पडून आहे. जरा उघडून बघा.

दुसऱ्या बँकेत जावं, तर तिथेही हाच शेरा दिसणार, वर कर्ज मागितल्याची आणखी एक एन्क्वायरी रिपोर्टमध्ये नोंदली जाणार. इकडे फ्लॅटमालकाला एक लाख टोकन देऊन बसलोय आणि साठेखताची मुदत २५ जुलैला संपते. पुन्हा सांगतो, नो ड्यूजचं पत्र तुम्ही दिलेलं आहे. तुम्ही.

क्रेडिट माहितीतली चूक तक्रारीपासून ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आज अडतिसावा दिवस. आठ दिवसांचे ८०० झाले. तुमच्या ५९० च्या पुढे गेलो. हे ८०० मला हवेत, आणि रोजचे १०० पुढेही मोजतोय. शेरा काढा, अर्ज पुन्हा तपासा, फी परत करा. पुढच्या शुक्रवारपर्यंत, १८ जुलैपर्यंत, झालं नाही, तर कागद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातील. पगाराचं खातं आणि आईच्या ठेवी मी तशाही हलवणार आहे. आमच्या घरातलं पहिलं पासबुक तुमच्या बँकेचं होतं. वडील ते देवघराच्या खणात ठेवायचे. बरं झालं, आजचा फोन त्यांना ऐकावा लागला नाही.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका, सनई पुरे झाली.

तुमच्या नोंदीतला थकबाकीदार,
कोथरूड, पुणे

सोबत : नो ड्यूजच्या पत्राची प्रत (चौथ्यांदा)