पगार कोण देतो, ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोमालियावरचा आपला अग्रलेख वाचला. आफ्रिकी महासंघाच्या फौजा निघाल्या तर तिथल्या ‘टोळ्या’ पुन्हा एकमेकींच्या नरड्याला लागतील, तेव्हा बाहेरच्या सैन्यानं अजून काही वर्षं थांबावं, असा आपला सूर आहे. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपली ६६ वी स्वतंत्र ब्रिगेड सोमालियात गेली, तेव्हा सिग्नल्सच्या तुकडीतून मी बैदोआला होतो. म्हणजे त्या बाहेरच्या फौजांतलाच एक. म्हणून लिहावंसं वाटलं.

कुळांची भांडणं नाहीत असं मी म्हणत नाही. पण लष्करात उमेदीची वर्षं काढलेला माणूस कुठलंही सैन्य बघताना आधी एकच गोष्ट बघतो: पे परेड, म्हणजे पगारवाटप, कुणाच्या हातात आहे? शिपाई ज्याच्याकडून पगार घेतो त्याचं ऐकतो. सोमालियाबद्दल लिहिणारे कुळांची नावं पाठ करतात, पण तिथल्या बंदुकवाल्याला महिन्याच्या शेवटी पैसे कोण देतो हे क्वचितच लिहितात. आपल्या अग्रलेखातही ते नव्हतं.

बैदोआचा भाग ज्वारीचा. लाल माती, उंट, गुरं, आणि जमिनीत खोदलेली पेवं. होय, आपल्याकडं होती तशीच धान्याची पेवं. १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बर्रे राजधानी मोगादिशू सोडून पळाला, त्याचं सैन्य याच मुलखातून मागं-पुढं होत राहिलं आणि त्याच्या मागावर, त्याच्याविरुद्ध उठलेल्या जनरल ऐदीदची माणसं आली. दोघांनी पेवं रिकामी केली, गुरं हाकून नेली. १९९२ चा तो दुष्काळ, ज्याची हाडं निघालेल्या पोरांची छायाचित्रं तेव्हा जगभर गेली, तो नुसता पावसानं केलेला नव्हता. आमच्या आधी तिथं ऑस्ट्रेलियन होते, मग फ्रेंच. आम्ही गेलो तोवर मृत्यू थांबले होते, पण बंदुका तशाच होत्या.

आमच्याबरोबर एक दुभाषी असे, मूळचा शाळामास्तर. मदत संस्थांच्या गोदामांपुढं बंदुका घेऊन बसलेली पोरं दाखवून तो सांगायचा, हा पोरगा मागच्या मोसमात याच संस्थेच्या गाड्या लुटत होता, आता तिचीच राखण करतो, कारण आता तीच त्याला पैसे देते. संस्थांचा तरी काय इलाज? पहारा नसेल तर धान्य पोचत नव्हतं. पण परदेशातून आलेल्या दयेच्या पैशावर जेवढे पहारेकरी उभे राहिले, तेवढ्याच छोट्या फौजा उभ्या राहिल्या, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आमच्या ब्रिगेडनं विहिरी दुरुस्त केल्या, दवाखाना चालवला, जनावरांचे डॉक्टर दिले. (जनावरांच्या डॉक्टरकडं माणसांच्या डॉक्टरपेक्षा गर्दी जास्त असायची, आणि उंटाचे मालक फार घासाघीस करायचे.) वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून बोलणी करणं हे आमच्या अधिकाऱ्यांचं निम्मं काम होतं. तरी ऑगस्ट १९९४ मध्ये बैदोआ-मोगादिशू रस्त्यावर आमच्या ताफ्यावर हल्ला होऊन सात जवान गेले आणि त्याच महिन्यात बैदोआत आमचे तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. तेव्हा तिथलं सगळं वाईट बाहेरच्यांमुळंच आलं, असं भाबडं मत माझं नाही.

पण राजधानीत काय चाललं होतं? ५ जून १९९३ ला २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले. त्यानंतर ऐदीदला पकडणं हेच मोहिमेचं काम होऊन बसलं. १२ जुलैला अमेरिकी हेलिकॉप्टरांनी एका घरावर क्षेपणास्त्रं डागली. आत ऐदीदच्या कुळातले वडीलधारे आणि जाणती माणसं जमलेली होती, आणि त्यांच्यातले काही तडजोड करावी या मताचे होते. ती माणसं मेली आणि तडजोडीचं बोलणारं कुणी उरलं नाही. ३ ऑक्टोबरच्या लढाईतले १८ अमेरिकी जगाला ठाऊक आहेत. त्याच रात्री मेलेल्या शेकडो सोमालींचा धड आकडाही कुणाकडं नाही. मार्च १९९४ पर्यंत अमेरिका निघून गेली, मार्च १९९५ पर्यंत सगळेच गेले.

आता २००६ कडं या. आपल्या अग्रलेखानं हे वर्ष एका ओळीत उरकलं आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथं आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं मोगादिशूतल्या काही सरदारांना पैसे पुरवले. दहशतवादाविरुद्ध आघाडी, असं त्याला गोंडस नाव होतं. हे तेच सरदार, ज्यांच्या नाक्यांवर लोकांनी पंधरा वर्षं खंडणी भरली होती. लोक चिडले आणि इस्लामी न्यायालयांच्या, म्हणजे शरियतनं निवाडे करणाऱ्या आणि स्वतःचे बंदुकवाले बाळगणाऱ्या मंडळांच्या, बाजूला गेले. जूनमध्ये न्यायालयांनी शहर घेतलं. नाके उठले, विमानतळ आणि बंदर पुन्हा सुरू झालं. त्यांच्यात कडवे होते, ‘अल शबाब’ या सशस्त्र गटाची पोरं होती, सिनेमा आणि फुटबॉल बंद करणारे होते. मवाळही होते. तेव्हाचं हंगामी सरकार आमच्या जुन्या बैदोआत बसलेलं, त्याची संसद धान्याच्या एका जुन्या गोदामात भरत असे.

डिसेंबरात इथिओपियाचं सैन्य रणगाडे घेऊन आत आलं, अमेरिकेचा पाठिंबा होताच. वर्ष संपायच्या आत मोगादिशू पडलं. मवाळ पांगले, कडवे तेवढे राहिले. इथिओपियाविरुद्ध लढायचं म्हटल्यावर १९७७-७८ च्या ओगादेन युद्धाची जखम घेऊन बसलेल्या सोमाली पोरांना अल शबाबनं सहज भरती केलं. आणि जानेवारी २००९ मध्ये इथिओपियानं माघार घेतली त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष म्हणून कोण निवडलं गेलं? शेख शरीफ अहमद, म्हणजे ज्या न्यायालयांना हुसकावायला रणगाडे आले होते त्यांचेच प्रमुख! हजारो माणसं मारून आणि लाखोंना शहराबाहेर घालवून गोष्ट त्याच माणसापाशी आली, फरक इतकाच की मध्यंतरी अल शबाब मोठी झाली होती.

तेव्हापासून पगारपत्रकांची जी गर्दी झाली ती बघा. हंगामी सरकारच्या शिपायाला काही काळ महिना १०० डॉलर मिळत, ते अमेरिका आणि इटलीकडून. ‘दनब’ ही कमांडो तुकडी अमेरिकेनं घडवली, ‘गोरगोर’ तुर्कस्ताननं, २०१७ पासून मोगादिशूतल्या त्यांच्या मोठ्या तळावर. ईशान्येकडच्या पुंटलँड प्रांताचं सागरी पोलिस दल संयुक्त अरब अमिरातीच्या पैशावर. काही हजार पोरं गुपचूप एरिट्रियात प्रशिक्षणाला नेली आणि त्यांच्या आया मोगादिशूच्या रस्त्यावर आमची मुलं कुठं आहेत विचारत फिरल्या. केनियाचं सैन्य २०११ मध्ये शिरलं, पुढच्या वर्षी अहमद मदोबे या स्थानिक सरदाराच्या माणसांबरोबर दक्षिणेतलं किसमायो बंदर घेतलं. कोळशाच्या निर्यातीवर सुरक्षा परिषदेची बंदी असताना त्या बंदरातून कोळसा जात राहिला, आणि त्यात केनियाच्या सैन्याचा हात असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्याच निरीक्षकांनी लिहून ठेवलं.

एप्रिल २०१८ चा प्रसंग तर प्रत्येक लष्करी अधिकाऱ्याला शिकवावा असा आहे. मोगादिशूच्या विमानतळावर अमिरातीचं विमान उतरलं, त्यात ९६ लाख डॉलर रोख. सोमाली सरकारनं ते जप्त केले. अमिराती म्हणाली, आम्ही तयार केलेल्या सैनिकांचे पगार आहेत. सरकार अमिराती आणि कतारच्या आखाती भांडणात कतारकडं झुकलेलं, त्याला वेगळाच संशय. अमिरातीनं प्रशिक्षण केंद्र बंद केलं आणि लगेच तिथली शस्त्रं लुटली गेली. परदेशी धनी उठून गेला की त्याची पलटण बाजारात जाते ती अशी.

मग २०२४ ची अखेर. जुबालँडमध्ये, म्हणजे किसमायोच्या प्रांतात, मदोबेनं स्वतःची निवडणूक घेतली, केंद्रानं ती अमान्य केली, दोघांनी एकमेकांविरुद्ध अटकेची फर्मानं काढली. डिसेंबरात केनियाच्या सीमेजवळच्या रास कंबोनीला केंद्राचं सैन्य आणि जुबालँडचं सैन्य एकमेकांवर तुटून पडलं, केंद्राचे शिपाई हरले, कित्येक सीमा ओलांडून केनियात गेले. त्या दिवशी अल शबाबला एक गोळी खर्चावी लागली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये घटनादुरुस्तीवरून पुंटलँडनं केंद्राशी फारकत घेतलेली, आणि १ जानेवारीला इथिओपियानं वेगळं होऊ पाहणाऱ्या उत्तरेकडच्या सोमालीलँडशी समुद्रकिनाऱ्याचा करार केलेला. शेजाऱ्यांना एकसंध सोमालिया फारसा नको आहे, हे जुनं दुखणं आहे. सोमाली झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोकं आहेत, त्यातलं एक इथिओपियातल्या ओगादेनचं आणि एक केनियाच्या ईशान्य भागाचं. अशा शेजाऱ्यांनाच शांतिसैनिक म्हणून बोलावणं मला कधी पटलेलं नाही. युगांडा आणि बुरुंडीची गोष्ट वेगळी, त्यांची सीमा लागत नाही, आणि मोगादिशूच्या गल्ल्यांत त्यांचे जवान शेकड्यांनी मेले हे विसरू नये.

आपण म्हणाल, मग काय, सगळ्यांनी उद्याच निघावं? तसं केलं तर अल शबाब राजधानीच्या वेशीवर येईल, आणि ती संघटना कर नीट वसूल करते, मोगादिशूच्या बंदरातल्या मालावरसुद्धा. तिच्या लोकांना पैसे वेळेवर मिळतात. सरकारी शिपायाचे पैसे मात्र वर्षानुवर्षं कमांडरच्या खिशातून जात आणि यादीत मेलेल्यांची नावं असत. गेल्या काही वर्षांत सैनिकांची बोटांच्या ठशांनिशी नोंद करून पगार थेट खात्यात द्यायला सुरुवात झाली. माझ्या मते हे काम एखाद्या परदेशी ब्रिगेडपेक्षा मोलाचं आहे. २०२२ मध्ये मध्य सोमालियातल्या हिरान भागात लुंगी नेसलेल्या गावकऱ्यांनी, ‘मआविस्ले’ म्हणतात त्यांना, स्वतः बंदुका उचलून अल शबाबला मोठ्या मुलखातून हटवलं. त्यांना कुणी परदेशी कवायत शिकवली नव्हती. पण जिंकलेली गावं राखायला मागून जे पगारी सैन्य लागतं ते पुरेसं आलं नाही, आणि त्या मोहिमेत सुटलेलं आदन याबाल गाव २०२५ मध्ये पुन्हा अल शबाबकडं गेलं.

सोमालीलँडचंही बघा. १९९३ मध्ये मोगादिशूत हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती, त्याच वर्षी बोरामा गावात वडीलधारी मंडळी महिनोन् महिने बसली. स्थानिक व्यापाऱ्यांचं कर्ज आणि बर्बेरा बंदराची जकात, यावर बंदुकवाली पोरं पगारी शिपाई झाली. परदेशी फौज नव्हती. ते स्वर्ग नाही. २०२३ मध्ये लास अनोदवर त्याच सैन्यानं तोफा डागल्या आणि ते शहर हातचं गेलं. वेगळं होण्याचा त्यांचा दावा खरा की खोटा, त्यात मी पडत नाही. सांगायचं इतकंच की पैसा गावचा होता म्हणून शिपाई गावाला जबाबदार होता.

आपला अग्रलेख नव्या आफ्रिकी मोहिमेला मुदतवाढ मागतो. जानेवारी २०२५ पासून ती सुरू आहे, आणि पहिल्या दिवसापासून तिच्याकडं पुरेसे पैसे नाहीत. युरोपनं हात आखडला, अमेरिका तयार नाही, आधीच्या मोहिमेतल्या जवानांचे भत्तेही थकलेले. ज्या सैन्याला स्वतःचा पगार मिळत नाही ते दुसऱ्याच्या देशात किती दिवस सरळ वागेल, हे मला कुणी सांगायला नको. पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा नकाशाबरोबर एक तक्ता द्यावा ही विनंती: कोणती तुकडी, कुणाच्या पैशावर, आणि ते पैसे कधीपर्यंत.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सातारा