खुर्ची ओरडते ती पायांमुळे

संपादक महोदय,

खुर्ची सरकवली की कर्रकर्र होतं ना, ते नुसतं वजनामुळे नसतं, पाय फरशीला क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो आणि त्या धक्क्यांनी अख्खी खुर्ची थरथरते. रबरी बुचांनी तर हे बहुतेक वाढतंच, तरी कंपन्या तीच का देतात कळत नाही! गुळगुळीत फरशीवर पायाखाली फेल्ट (दाबून केलेलं जाड, मऊ लोकरीसारखं कापड) बरं, पण नुसतं चिकटवलेलं नको, बाजूने जोर आला की सरकतं आणि उघड्या गमला केस, धूळ सगळं चिकटतं, त्यापेक्षा स्क्रूवालं घ्या. फेल्टमध्ये वाळूचा कण रुतला तर ओरखडे पडतात, ते अधूनमधून बघायचं. कार्पेटवर टेफ्लॉनचं (नॉनस्टिक तव्यावर असतं ते) बूड छान घसरतं. आणि तिरप्या पायाला फिरतं, फरशीवर सपाट टेकणारं बूड हवंच, नाहीतर सगळा भार एका कडेवर येतो.

– एक वाचक