समाचाराला गेलास आणि ‘येतो’ म्हणालास, त्याबद्दल

सातारा

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

पत्र परवाच मिळालं. वाचून आधी पोट धरून हसलो, मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू थांबलं. तू हे फारच मनाला लावून घेतलंयस.

साहेबांचे वडील गेले, समाचाराला जायचं, सतरंजीवर मुकाट बसायचं आणि न सांगता उठायचं. एवढंच काम. तर तू दारातून म्हणालास, “बराय, येतो! परत येणं होईलच.” सुतकाच्या घरात! वर तिथेच उभा राहून “म्हणजे तसं नाही, परत म्हणजे सहज...” असा खुलासा. खरं सांगू? पहिलं वाक्य चाललं असतं रे, खुलासा नडला.

आता तुमच्या ऑफिसातल्या कुणा शहाण्याने तुझ्या डोक्यात भरवलंय की जीभ घसरते तेव्हा मनातलं बाहेर पडतं, असं व्हिएन्नाचा तो मनाचा डॉक्टर फ्रॉइड म्हणतो. म्हणजे त्या घरात आणखी कुणी जावं असं तुझ्या मनात होतं? तुला शाळेपासून ओळखतो. तुझ्या मनात इतकं काही नसतं.

फ्रॉइडने ते लिहिलं १९०१ मध्ये. त्याच्या आधीच, १८९५ साली, व्हिएन्नाच्याच रुडॉल्फ मेरिंगर या भाषेच्या अभ्यासकाने कार्ल मायर या डॉक्टरच्या जोडीने अशा चुकलेल्या बोलण्याचा भलामोठा संग्रह छापला होता. (असा माणूस शेजारी जेवायला बसला तर घास तरी उतरेल का?) त्यातली काही उदाहरणं फ्रॉइडनेही घेतली, अर्थ मात्र आपला लावला. मेरिंगरला त्या चुकांत दडलेल्या इच्छा नाही, शिस्त दिसली. पुढे १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात भाषेच्या अभ्यासक व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनीही पुष्कळ चुका जमवून तेच दाखवलं. शब्दाचा पहिला आवाज बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दाच्या पहिल्याच आवाजाशी जागा बदलतो. ‘पोळीभाजी’ची घाईत ‘भोळीपाजी’ होईल, पण ‘ळ’ काही उठून पुढे येऊन बसणार नाही, कारण मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. चुकतानाही जीभ भाषेचे नियम पाळते. तोंडातून पहिला शब्द निघतो तेव्हा पुढचे आत तयारच असतात, म्हणून तर अदलाबदल होते. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणताना आपण सगळेच पडायचो, तेव्हा कुणाच्या मनात पापडाविषयी काय होतं?

तुझं प्रकरण त्याहून साधं आहे. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे काकूंनी तुला लहानपणीच घोटून शिकवलं. तेव्हापासून पायात चप्पल सरकली की ते वाक्य आपसूक निघतं, त्याला तुझी गरजच नसते. एरवी आपण ते वेळीच अडवतो. पण त्या दिवशी तुझं सगळं लक्ष ‘भलतंसलतं काही बोलायचं नाही’ याच धास्तीत गुंतलेलं, मग अडवणार कोण? जिथे फार जपून बोलायचं तिथेच असं होतं. मुलगी बघायला गेलेल्यांचं आणि मुलाखतीला बसलेल्यांचं होतं तेच.

घरच्यांनी ऐकलंच नसेल, असं खोटं सांगत नाही. ऐकलं असणार. साहेबांची बहीण पुढेमागे हे सांगून हसेलसुद्धा. हसू दे. त्या दिवसांत त्या घराला हसायला दुसरं काय होतं?

साहेबांकडे जाऊन माफी मात्र मागू नकोस, नाहीतर पुन्हा खुलासे सुरू होतील. तेराव्याला जा, पंगतीत वाढायला लाग, आणि निघताना नुसते हात जोड.

मी पुढच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांकडे पुण्याला येतोय. तुझ्याकडेच उतरेन. वहिनींना सांग, अळूची भाजी हवी.

तुझा,
विनायक